रोश होदेश: ज्यू चांद्रमासाचा पहिला दिवस कसा पाळावा

ज्यू महिन्याचा पहिला दिवस म्हणजे रोश होदेश. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात, इजिप्तमधून सुटका व्हायच्या आधीच, इस्राएल लोकांना महिने मोजायची आज्ञा मिळते. गुलामाचा वेळ मालकाचा असतो, म्हणून स्वतःचा काळ स्वतः मोजणं हे त्यांचं पहिलं सामुदायिक कर्तव्य ठरलं. आज मात्र बऱ्याच घरांत हा दिवस प्रार्थनेत चार ओळी वाढवण्यापुरता उरला आहे. त्याचं मुख्य कारण असं की, लोक एकच दिवस धरून बसतात. खरं तर हा जवळजवळ तीन आठवड्यांचा क्रम आहे. आधीच्या शनिवारी घोषणा, आदल्या दिवशी हिशेब, मग सण, आणि चंद्र नीट दिसू लागला की त्याच्यावरची ब्राखा, म्हणजे आशीर्वचन. यातला हिशेब गाळला, तर नवा महिना फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात येतो.

खाली हा क्रम पायरीपायरीने दिला आहे. उदाहरणासाठी नोव्हेंबर २०२६ मधला किस्लेव महिना (ज्यू वर्ष ५७८७) घेतला आहे, म्हणजे तारखा ताडून बघता येतील.

आधी पंचांग वाचायला शिका

मराठी माणसाला हे पंचांग परकं वाटायचं कारण नाही. आपल्यासारखंच तेही चंद्राच्या महिन्यांचं, पण सूर्याच्या ऋतूंशी बांधलेलं आहे. बारा चांद्रमासांचे साधारण ३५४ दिवस होतात, म्हणून १९ वर्षांत ७ अधिक महिने घालावे लागतात. चक्रातल्या ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ या वर्षी अधिक महिना येतो. फरक असा की, आपल्याकडचा अधिक मास सूर्यसंक्रांतीवरून ठरतो आणि वेगवेगळ्या महिन्यांत येतो, तर ज्यू पंचांगात फक्त अदारच दोनदा येतो. त्यामुळे दोन्ही पंचांगं काही काळ हातात हात घालून चालतात आणि मधेच महिनाभराने सुटतात. १९ मार्च २०२६ ला गुढीपाडवा आणि निसान महिन्याचा रोश होदेश एकाच दिवशी आले. २०२५ मध्ये घटस्थापना झाली त्याच संध्याकाळी ज्यू नववर्ष सुरू झालं. २०२६ मध्ये मात्र आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आला आणि ज्यूंचा जादा अदार २०२७ च्या फेब्रुवारीपर्यंत येत नाही, म्हणून त्यांचं नववर्ष १२ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधीच येतं.

महिना २९ किंवा ३० दिवसांचा. निसान, सिवान, आव, तिश्री, श्वात यांना ३० दिवस. इयार, तम्मुझ, एलुल, तेवेत, अदार यांना २९. हेश्वान आणि किस्लेव वर्षागणिक बदलतात. अधिक वर्षात पहिला अदार ३० दिवसांचा असतो. यावरून रोश होदेश एक दिवसाचा की दोन दिवसांचा ते कळतं. मागचा महिना ३० दिवसांचा असेल तर त्याचा तिसावा दिवस आणि नव्याचा पहिला, असे दोन दिवस पाळतात. २९ चा असेल तर एकच. इयार, तम्मुझ, एलुल, हेश्वान आणि अदार यांचे रोश होदेश त्यामुळे नेहमी दोन दिवसांचे. ५७८७ मध्ये हेश्वान ३० दिवसांचा आहे, म्हणून किस्लेवचा रोश होदेश मंगळवार १० आणि बुधवार ११ नोव्हेंबर असा दोन दिवस येतो.

इथेच सर्वांत नेहमीची चूक होते. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. कॅलेंडरवर १० तारीख छापलेली असली, तरी रोश होदेश सोमवारी ९ तारखेच्या संध्याकाळी लागतो आणि ११ च्या रात्री तारे दिसले की संपतो. मंगळवारी सकाळी उठून तयारीला लागलात तर एक संध्याकाळ आणि तिची प्रार्थना हातची गेली.

आणखी एक शब्द माहीत हवा, तो म्हणजे मोलाद. हा चंद्राच्या सरासरी गतीवरून काढलेला अमावास्येचा क्षण. चांद्रमासाची सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ७९३ हालाकीम अशी धरतात. एका तासाचे १०८० हालाकीम, म्हणजे मिनिटाला १८. किस्लेव ५७८७ चा मोलाद सोमवारी ९ नोव्हेंबरला रात्री १० वाजून २७ मिनिटं आणि ३ हालाकीम असा येतो. ही वेळ यरुशलेमच्या स्थानिक सरासरी वेळेची असते. भारतीय वेळ काढायची तर ३ तास ९ मिनिटं मिळवा. मोलाद हा आकाशातल्या प्रत्यक्ष अमावास्येपेक्षा बरेच तास पुढेमागे असू शकतो, त्यामुळे खगोलाच्या ॲपवरची वेळ जुळली नाही म्हणून गोंधळू नये.

पूर्वी हे गणित असं चालत नसे. मिश्ना या जुन्या ज्यू कायदेसंग्रहात वर्णन आहे की नव्या चंद्राची कोर पाहिलेले साक्षीदार यरुशलेममध्ये बेत याझेक नावाच्या मोठ्या अंगणात जमत. लोकांनी येत राहावं म्हणून त्यांना तिथे भरपेट जेवण दिलं जाई. न्यायसभेचे प्रमुख रब्बान गम्लिएल यांनी चंद्राच्या आकारांची चित्रं पाटीवर काढून ठेवली होती. ती दाखवून ते विचारत, असा दिसला की असा? साक्ष पटली की न्यायसभा महिना पवित्र झाल्याचं जाहीर करी आणि डोंगरामागून डोंगरावर आगी पेटवून बातमी बाबेलपर्यंत जाई. विरोधी गटांनी खोट्या आगी लावायला सुरुवात केल्यावर निरोपे पाठवण्याची पद्धत पडली. गणिती पंचांगाचं श्रेय परंपरा चौथ्या शतकातल्या दुसऱ्या हिल्लेलला देते.

आधीचा शनिवार: महिन्याची घोषणा

रोश होदेशच्या आधीच्या शब्बाथला शब्बाथ मेवारखीम म्हणतात. सकाळी तोरावाचन झाल्यावर, सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) पेटीत ठेवण्याआधी, सगळे उभे राहतात. येणाऱ्या महिन्याचं नाव आणि त्याचा पहिला दिवस कोणत्या वारी येतो ते हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, जाहीर करतात. अश्केनाझी (मूळ मध्य व पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) प्रघातात त्याआधी मोलादही सांगतात. किस्लेवसाठी हा शनिवार ७ नोव्हेंबर. एका महिन्याची घोषणा मात्र कधीच होत नाही, ती तिश्रीची. नववर्षाचा दिवस सर्वांना ठाऊकच असतो.

सिनेगॉगला जाणं शक्य नसेल तर घरी शुक्रवारच्या जेवणात महिन्याचं नाव आणि वार मोठ्याने सांगा. लहान मुलांना हे काम द्यावं, ती विसरत नाहीत. एकच पथ्य: शब्बाथला लिहिणं वर्ज्य आहे, म्हणून महिन्याची यादी किंवा वही शनिवारी रात्री हावदाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) झाल्यावरच उघडायची. रोश होदेश रविवारी येत असेल तर या शनिवारी हाफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला उतारा, म्हणून शमुएलाच्या पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला दावीद आणि योनाथान यांचा प्रसंग वाचतात, कारण तो 'उद्या अमावास्या आहे' या वाक्याने सुरू होतो.

आदला दिवस: योम किप्पुर कातान

सगळ्या क्रमातली ही सर्वांत मोलाची पायरी, आणि सर्वांत जास्त गाळली जाणारीही. सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्झफात गावच्या कब्बालापंथी (ज्यू गूढवादी) मंडळींनी रोश होदेशच्या आदल्या दिवशी उपवास आणि पापकबुलीच्या प्रार्थना करायला सुरुवात केली. रब्बी मोशे कोर्दोवेरो यांचं नाव या प्रथेशी जोडलेलं आहे. योम किप्पुर हा वर्षातला प्रायश्चित्ताचा मोठा उपवास. योम किप्पुर कातान, म्हणजे छोटा योम किप्पुर, हे नाव तिथूनच आलं.

दिवस असा ठरवा. रोश होदेश दोन दिवसांचा असेल तर पहिल्या दिवसाच्या आदला दिवस, म्हणजे किस्लेवसाठी सोमवार ९ नोव्हेंबर. आदला दिवस शुक्रवारी किंवा शनिवारी पडला तर उपवास मागे ओढून गुरुवारी. हेश्वान, तेवेत, इयार आणि तिश्री या महिन्यांच्या आधी तो पाळत नाहीत. हेश्वानच्या आधी खरा योम किप्पुर नुकताच झालेला असतो, तेवेतच्या आधी हनुक्का हा सण चालू असतो, इयारच्या आधीच्या निसानमध्ये ऐच्छिक उपवास टाळतात, आणि तिश्रीच्या आधीचा दिवस तर नववर्षाच्याच तयारीचा.

उपवास पहाटेपासून रात्र होईपर्यंत, आणि तो ऐच्छिक आहे. ऐच्छिक उपवास आदल्या दिवशीच्या मिन्हा म्हणजे दुपारच्या प्रार्थनेत मनाशी स्वीकारावा लागतो, सकाळी उठून 'आज करूया' म्हणून चालत नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, मधुमेही आणि आजारी माणसं यांनी तो करू नये. त्यांनी एक जेवण साधं ठेवावं आणि खालचा हिशेब मात्र सोडू नये.

या हिशेबाला हेश्बोन हानेफेश म्हणतात, आत्म्याचा ताळेबंद. दुपारी मिन्हाच्या आधी अर्धा तास काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. महिन्याला वहीचं एक पान पुरे. मध्ययुगातले धर्मपंडित रांबाम (मोशे बेन मैमोन) यांनी पश्चात्तापाचे जे टप्पे सांगितले, ते असे लिहावेत: चूक थांबवणं, तिची खंत वाटणं, ती तोंडाने कबूल करणं, पुन्हा न करण्याचा निश्चय. बहुतेकांचं गाडं अडतं ते पहिल्याच ओळीवर, कारण ते 'मी फार चिडतो' असं काहीतरी मोघम लिहितात. मोघम चूक ना कबूल करता येते, ना थांबवता येते. 'मंगळवारी रात्री जेवताना भावाला सगळ्यांसमोर कामचुकार म्हणालो' असं लिहा. वार, माणूस आणि उच्चारलेला शब्द, तिन्ही हवेत. अशा तीन नोंदी पुरेत. दहा लिहिल्या तर एकीचंही पुढे काही होत नाही.

मग नोंदींचे दोन भाग करा. देवाविरुद्धच्या चुका प्रार्थनेत कबूल होतात. माणसाविरुद्धच्या चुका प्रार्थनेने धुतल्या जात नाहीत, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय योम किप्पुरलाही माफी नाही. म्हणून ज्याचं देणं आहे त्याला सूर्यास्ताच्या आत फोन करा किंवा भेटा. पैशाचं देणं असेल तर पैसे द्या, निदान तारीख तरी ठरवून सांगा. समोरच्याने ऐकून घेतलं नाही तर परंपरा तीनदा जायला सांगते, दर वेळी सोबत तीन जण घेऊन. तिसऱ्या वेळीही तो वळला नाही तर तुमचं कर्तव्य झालं. निरोपात 'माझं काही चुकलं असेल तर' असं लिहू नये. या 'असेल तर'मुळे कबुलीच उरत नाही.

शेवटी पुढच्या महिन्यासाठी एकच निश्चय लिहा, एकोणतीस दिवस रोज तपासता येईल इतका लहान. 'संताप सोडेन' हा निश्चय नव्हे. 'रात्री नऊनंतर कामाच्या निरोपाला उत्तर देणार नाही' हा निश्चय आहे. पुढच्या महिन्यात याच दिवशी हेच पान आधी वाचायचं.

कबरस्तानात जायचं असेल तर तेही आदल्या दिवशीच उरका. रोश होदेशला मृत्यूवरची शोकभाषणं करत नाहीत आणि उपवासही करत नाहीत.

रोश होदेशच्या प्रार्थना

रडण्याचा भाग आदल्या दिवशी संपला. या दिवशी ताहनून म्हणजे करुणा भाकण्याची प्रार्थना गाळतात. सकाळची अमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना) झाली की हल्लेल, म्हणजे स्तोत्र ११३ ते ११८, पण स्तोत्र ११५ आणि ११६ यांची पहिली अकरा-अकरा कडवी सोडून. म्हणून याला अर्धं हल्लेल म्हणतात. तल्मूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात गोष्ट आहे की रब्बी राव बाबेलला आले तेव्हा तिथले लोक रोश होदेशला हल्लेल म्हणताना दिसले. ते त्यांना थांबवणार होते. पण लोक मधले भाग गाळतात हे पाहून त्यांनी ओळखलं की ही पूर्वजांची चाल आहे, आणि त्यांनी ती चालू दिली. अश्केनाझी लोक अर्ध्या हल्लेलच्या आधी ब्राखा म्हणतात, अनेक सेफार्दी (मूळ स्पेनमधल्या ज्यूंच्या परंपरेतले) समाज म्हणत नाहीत. आपल्या सिनेगॉगची चाल विचारून घ्यावी. नंतर तोरावाचन, गणना ग्रंथाच्या २८ व्या अध्यायातली पहिली १५ वचनं, चार जणांना बोलावून. मग मुसाफ ही जादा प्रार्थना. सृष्टीवरचं १०४ वं स्तोत्रही म्हणायची चाल आहे, आणि त्यात 'त्याने ऋतूंसाठी चंद्र केला' ही ओळ आहे.

याअले वेयावो हा या दिवसाचा जादा परिच्छेद अमिदेत आणि जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेत घालायचा असतो. सवयीने तो राहून जातो, म्हणून नियम पाठ हवेत. संध्याकाळच्या, म्हणजे रात्र लागल्यानंतरच्या अमिदेत विसरलात तर मागे फिरायचं नाही, कारण न्यायसभा रात्री महिना पवित्र करत नसे. सकाळी किंवा दुपारी विसरलात आणि 'मोदीम' हा पुढचा भाग सुरू करण्याआधी आठवलं, तर आहात तिथेच म्हणा. मोदीम सुरू झाल्यावर आठवलं तर त्याच्या आधीच्या 'रेत्झे' या भागापाशी परत जा. पावलं मागे घेऊन अमिदा संपवल्यावर आठवलं तर पूर्ण अमिदा पुन्हा. जेवणानंतरच्या प्रार्थनेत, शेवटची ब्राखा सुरू झाल्यावर आठवलं तर पुन्हा म्हणायची गरज नाही. प्रार्थनापुस्तकात त्या पानावर रात्रीच सुतळी घालून ठेवणं हा सोपा उपाय आहे.

हिब्रू येत नसेल तर निदान हल्लेल मराठीतून समजून म्हणा. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्या याच गरजेपोटी.

घर आणि जेवण

रोश होदेशला काम करायला मनाई नाही. जेवणात मात्र नेहमीपेक्षा एक तरी पदार्थ जास्त करावा आणि स्वच्छ, चांगले कपडे घालावेत. बायकांनी या दिवशी धुणं, शिवण अशी जड कामं टाळायची जुनी प्रथा आहे. मिद्राश, म्हणजे तोरावरच्या जुन्या कथा-टीका, सांगतं की सोन्याच्या वासरासाठी दागिने द्यायला बायकांनी नकार दिला, त्याचं बक्षीस म्हणून हा दिवस त्यांना मिळाला. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत आणि मग इतरत्र बायकांचे रोश होदेश गट उभे राहिले. महिन्यातून एकदा एकत्र बसून ग्रंथातला एक उतारा वाचायचा, गायचं, खायचं. असा गट करायचा असेल तर आठ-दहा जणींचा करा, घर दर महिन्याला बदला आणि उतारा आठवडाभर आधी पाठवा. उतारा न ठरवता जमलेला गट दोन-तीन महिन्यांत निव्वळ गप्पांचा अड्डा होतो.

तिश्रीचा रोश होदेश म्हणजेच नववर्ष, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा नव्याचा सण. त्यासाठी चिकाचा हलवा लागतो. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून, गाळून चीक रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. वाटीभर घट्ट चिकाला चार-पाच वाट्या नारळाचं दूध आणि अंदाजे दोन वाट्या साखर घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. कडा सुटून गोळा होऊ लागला आणि ताटलीवरचा थेंब बोटाला चिकटेनासा झाला की उतरवून तूप न लावलेल्या ताटात थापायचा. गाईचं दूध-तूप वापरत नाहीत, कारण त्याच पंगतीत मटण असतं आणि मांसाबरोबर दूध चालत नाही. हलवा बिघडतो तो घाईने. आच वाढवली की चिकाच्या गाठी होतात, आणि चीक कच्चा राहिला तर दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं.

चंद्रावरची ब्राखा: किद्दुश लेवाना

मोलादनंतर तीन पूर्ण दिवस (७२ तास) झाले की अश्केनाझी ही ब्राखा म्हणतात. शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे चालणारे सेफार्दी सात दिवस थांबतात. शेवटची वेळ अश्केनाझी प्रघाताने मोलादनंतर १४ दिवस, १८ तास आणि २२ मिनिटं, म्हणजे महिन्याचा बरोबर मध्य. सेफार्दी प्रघाताने पूर्ण १५ दिवस. किस्लेव ५७८७ साठी भारतीय वेळेने ७२ तास १३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून ३६ मिनिटांनी भरतात, आणि मध्य २४ नोव्हेंबरला संध्याकाळी आठच्या सुमारास गाठला जातो. शब्बाथ संपल्यावर, अंगावर चांगले कपडे असताना म्हणणं उत्तम. तीन दिवसवाल्यांना शनिवार १४ नोव्हेंबरची रात्र, सातवाल्यांना २१ ची.

उघड्यावर उभं राहा, छपराखाली नाही. गच्ची उत्तम. १४ तारखेचा कोवळा चंद्र पश्चिमेला खाली असतो आणि लवकर मावळतो, त्यामुळे शहरात इमारतींच्या आड जातो. हावदाला झाली की वेळ न घालवता वर जा. २१ तारखेला तो चांगला उंच असतो. चंद्राकडे एकदा नीट पाहायचं आणि मग ब्राखा म्हणताना नजर पुस्तकात ठेवायची. चंद्रापुढे वाकायचं नाही, नमस्कार करायचा नाही. ही चंद्राची पूजा नव्हे, त्याला घडवणाऱ्याची स्तुती आहे. ब्राखेचा गाभा असा: देवाने चंद्राला पुन्हा पुन्हा नवं व्हायला सांगितलं, आणि आईच्या उदरापासून त्याने उचलून धरलेले लोकही तसेच नवे होणार आहेत. मग 'दावीद मेलेख यिस्राएल हाय वेकायाम' (इस्राएलचा राजा दावीद जिवंत आहे, टिकून आहे) तीनदा, आणि शेजारच्या तिघांना 'शालोम आलेखेम' (तुम्हाला शांती असो) म्हणायचं, त्यांनी 'आलेखेम शालोम' असं उत्तर द्यायचं. मिन्यान (सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा जण) असेल तर चांगलं, पण एकट्यानेही चालतं.

विरळ ढगातून चंद्र स्पष्ट दिसत असेल तर हरकत नाही. दाट ढगामागे नुसता उजेड दिसत असेल तर म्हणू नये. म्हणता म्हणता झाकला गेला तर पूर्ण करावी. मुंबई-कोकणात तम्मुझ, आव आणि एलुल पावसात येतात, तेव्हा शनिवारची वाट पाहू नका. मुदत सुरू झाल्यावर ज्या रात्री चंद्र दिसेल त्या रात्री म्हणा. आवमध्ये अडचण अधिक, कारण ९ आवच्या उपवासापर्यंत थांबायची चाल आहे आणि पुढे जेमतेम पाच रात्री उरतात. तिश्रीतही योम किप्पुर होईपर्यंत थांबतात. मुदत टळली तर त्या महिन्यात ब्राखा म्हणायची नाही.

एलुल: वर्षाचा हिशेब

दर महिन्याला केलेला छोटा हिशेब एलुलमध्ये मोठा होतो. ३० आव, म्हणजे एलुलच्या रोश होदेशचा पहिला दिवस, तिथपासून योम किप्पुरपर्यंत बरोबर ४० दिवस. २०२६ मध्ये १३ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर. सेफार्दी २ एलुलपासून रोज पहाटे सेलिहोत (क्षमायाचनेच्या प्रार्थना) म्हणतात, अश्केनाझी शब्बाथ सोडून रोज सकाळी शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकतात. बेने इस्राएल घरांत या महिन्यातल्या उपवासांना मुसलमान शेजाऱ्यांच्या शब्दाने रमजान म्हणत, आणि योम किप्पुरला दारफाळणीचा सण.

या महिन्यात वहीची बारा (अधिक वर्ष असेल तर तेरा) पानं एका बैठकीत वाचून काढा. एकच चूक तीन-चार पानांवर दिसली तर तिथेच काम आहे. बाकीच्या नोंदी बाजूला ठेवा आणि चाळीस दिवस तिच्यावरच द्या. ज्यांची माफी मागायची राहिली त्यांची नावं १ एलुललाच काढा. शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलं तर सगळे प्रवासात आणि स्वयंपाकात असतात, फोन उचलले जात नाहीत. २९ एलुलला शोफार वाजत नाही. त्या सकाळी प्रार्थनेनंतर तीन जणांसमोर उभं राहून वर्षभरात बोललेले आणि विसरलेले नवस मोडून घेतात. आदल्या महिन्यांचे अपुरे निश्चय नवसासारखे बोलून दाखवले असतील, तर ते त्या तिघांना तिथेच सांगावेत.